घरं गेली, रस्तारेषा राहिली

मागच्या अंकात आयर्लंडमधल्या डब्लिनच्या ओ'कॉनेल स्ट्रीटवर जाता जाता चार ओळी लिहिल्या होत्या. त्यावर इतकी पत्रं आली की या वेळचं सदर त्या एकाच रस्त्याला देतोय. नव्या वाचकांसाठी : मी चौतीस वर्षं महापालिकेच्या रस्ते विभागात होतो. मुलगी डब्लिनला परिचारिका आहे. तिच्याकडे तीन खेपांत मिळून सात महिने राहिलो आणि रोज सकाळी हा रस्ता या टोकापासून त्या टोकापर्यंत चाललो. तेव्हा उत्तरं थोडी लांबली तर सांभाळून घ्या.

प्रश्न : काका, सप्टेंबरमध्ये एम.एस्सी.साठी डब्लिनला चालले आहे. फोटोत ओ'कॉनेल स्ट्रीटवरच्या इमारती खूप जुन्या वाटतात. हा रस्ता नक्की किती जुना आहे? आणि गावाच्या मानाने एवढा रुंद कशासाठी?

इमारतींच्या रूपावर जाऊ नकोस बाळ, तो जुनेपणा बराचसा नंतर आणलेला आहे. त्यातल्या बहुतेक जेमतेम शंभर वर्षांच्या आहेत. जुनी आहे ती मधली मोकळी जागा.

सतराव्या शतकात ही जमीन हेन्री मूर, अर्ल ऑफ ड्रॉहेडा, या सरदाराकडे होती. पठ्ठ्याने आपल्या नावातला एकही शब्द वाया घालवला नाही. हेन्री स्ट्रीट, मूर स्ट्रीट, अर्ल स्ट्रीट, ड्रॉहेडा स्ट्रीट, आणि उरलेल्या 'ऑफ'साठी एक बोळ, 'ऑफ लेन'! हेन्री, मूर आणि अर्ल आजही पाट्यांवर भेटतात. आपला रस्ता म्हणजे त्यातला ड्रॉहेडा स्ट्रीट. तेव्हा तो अरुंद होता.

१७४० च्या दशकात ल्यूक गार्डिनर नावाच्या सावकाराने, आजच्या भाषेत बिल्डरने, उत्तरेकडचा भाग घेतला. एका बाजूची घरं पाडून त्याने १५० फूट रुंद आणि १,०५० फूट लांब पट्टा मोकळा केला. नाव दिलं सॅकव्हिल स्ट्रीट, लॉर्ड लेफ्टनंट (इंग्लंडच्या राजाचा आयर्लंडमधला प्रतिनिधी) झालेल्या एका इंग्रज सरदाराच्या घराण्यावरून. मध्ये झाडांची रांग, बसकी दगडी भिंत, फेरफटक्याची जागा. आता लक्षात घे, हा रस्ता तेव्हा कुठे जातच नव्हता. दक्षिणेला पुन्हा तोच अरुंद बोळ लागायचा. म्हणजे ही रुंदी वाहनांसाठी ठेवलेलीच नव्हती. बड्या लोकांनी संध्याकाळी नटूनथटून बाहेर पडावं आणि एकमेकांना दिसावं, यासाठी ती होती. रहदारीचा हिशेब मांडून रस्ते आखण्यात माझी नोकरी गेली, आणि डब्लिनमधला सगळ्यात कामाचा रस्ता निघाला मिरवण्यासाठी आखलेला. हे कळलं तेव्हा मी एकटाच हसलो होतो.

पुढचं काम सरकारी आहे. १७५७ मध्ये कायद्याने 'वाइड स्ट्रीट्स कमिशन' नेमलं गेलं. रुंद रस्त्यांसाठी वेगळं मंडळ, आणि घरं ताब्यात घेऊन पाडायचा अधिकार! आमच्या खात्यात एका ओट्यासाठी नऊ वर्षं चाललेली फाइल मी पाहिली आहे, त्यामुळे असूया वाटते हे लपवत नाही. १७८० च्या दशकात या मंडळाने गार्डिनरची रुंदी तशीच खाली लिफी नदीपर्यंत ओढली. नदीवर पूल आला, जेम्स गँडनचा कार्लाइल पूल. पुलाबरोबर रहदारी आली, रहदारीबरोबर दुकानं, आणि दुकानं आली तसे बडे लोक तिथून निघून गेले. पूल पुढे १८८० च्या सुमारास रस्त्याच्या रुंदीला साजेसा वाढवला. आज तो लांबीपेक्षा किंचित रुंदच आहे. खोटं वाटत असेल तर पावलं मोजून बघ.

गार्डिनरच्या काळातलं एक घर अजून उभं आहे, अप्पर ओ'कॉनेल स्ट्रीट, क्रमांक ४२. बाकीच्यांचं काय झालं ते पुढच्या उत्तरात.

प्रश्न : मी वास्तुशास्त्राचा विद्यार्थी आहे. १९१६ च्या उठावात हा रस्ता बेचिराख झाला असं वाचलं. प्लॉट वेगवेगळ्या मालकांचे असूनही नव्या इमारती एकमेकींशी इतक्या जुळणाऱ्या कशा?

एकदा नव्हे, सहा वर्षांत दोनदा बेचिराख झाला.

२४ एप्रिल १९१६, ईस्टरचा सोमवार. इंग्रजी राजवटीविरुद्ध उठलेल्या आयरिश स्वयंसेवकांनी जनरल पोस्ट ऑफिस ताब्यात घेतलं आणि त्याच्या दारात प्रजासत्ताकाची घोषणा वाचली. फ्रान्सिस जॉन्स्टनची ही इमारत १८१८ ची. दैव बघा, तिची आतून दुरुस्ती करून ती काही आठवड्यांपूर्वीच लोकांसाठी पुन्हा उघडली होती. ब्रिटिश तोफा सुरू झाल्या. अ‍ॅबी स्ट्रीटवर छापखान्यातल्या कागदाच्या मोठमोठ्या गुंडाळ्या रचून अडथळा उभा केला होता. त्याला आग लागली आणि ती पसरत गेली. समोरच्या क्लेरीज या मोठ्या दुकानाच्या काचा वितळून रस्त्याकडेच्या गटारात वाहिल्या, अशी आठवण लढणाऱ्यांपैकी एकाने सांगून ठेवली आहे. काच वितळायला किती उष्णता लागते ते तुम्हाला सांगायला नको. जवळच्या कला अकादमीची इमारत वार्षिक प्रदर्शनासकट जळाली. शनिवारी शरणागती झाली तेव्हा पोस्टाच्या दर्शनी खांबांमागे फक्त भिंती उरल्या होत्या. ते पुन्हा उघडायला १९२९ उजाडलं.

नुकसानभरपाईसाठी सरकारने समिती नेमली, तिच्याकडे हजारो दावे आले. पण तुमच्या प्रश्नाचं खरं उत्तर त्याच वर्षीच्या कायद्यात आहे, डब्लिन रिकन्स्ट्रक्शन (इमर्जन्सी प्रोव्हिजन्स) अ‍ॅक्ट, १९१६. जळालेल्या भागात बांधायचं तर नकाशे शहराच्या वास्तुविशारदाकडून मंजूर झाले पाहिजेत, आणि इमारत शेजारणीला शोभली पाहिजे, असा त्याचा मथितार्थ. वास्तुविशारदांना सगळा रस्ता एकाच आराखड्याने हवा होता. मालकांना धंदा सुरू करायची घाई होती आणि जास्तीचा खर्च नको होता. मधला तोडगा निघाला : आत हवं ते करा, पण उंची, कॉर्निसची (भिंतीच्या माथ्यावर पुढे आलेल्या कडेची) रेषा आणि दर्शनी भागाचं साहित्य यांत आम्ही सांगू ते.

हे पुरतं झालं नव्हतं तोच १९२२ चं यादवी युद्ध आलं. इंग्रजांशी केलेला तह मान्य नसलेल्यांनी रस्त्याच्या वरच्या भागात पूर्वेकडची हॉटेलं धरली, भिंतींना भगदाडं पाडून एकातून दुसरीत जायची वाट केली. या खेपेला तोफा त्यांच्याच नव्या सरकारच्या होत्या. जुलैच्या पहिल्या आठवड्यात ती सगळी रांग गेली. म्हणून १९२४ मध्ये पुन्हा तसाच कायदा झाला, आणि नवे शहर वास्तुविशारद होरेस ओ'रूर्क यांनी तो जास्त काटेकोरपणे राबवला. पुलाकडून चालत या. खालच्या भागात दर्शनी बाजूंवर नक्षी, घुमट, हौस दिसेल. वरच्या भागात पूर्वेला सगळं गंभीर, मापात. १९१६ नंतरचं काय आणि १९२२ नंतरचं काय, हे पाटी न वाचता ओळखता येतं.

पण एक गोष्ट तुम्ही विचारली नाहीत, मीच सांगतो. दोन्ही वेळा जमीन साफ झाली होती. भूसंपादन न करता रस्ता हवा तसा वळवायची अशी संधी कोणत्याही अभियंत्याला आयुष्यात मिळत नाही. आणि त्यांनी जवळपास काहीही हलवलं नाही. नव्या भिंती गार्डिनरने आणि त्या वाइड स्ट्रीट्स मंडळाने ठरवलेल्या रेषेवरच उठल्या. मी पावलांनी रुंदी मोजली, चौसष्ट भरली. साधारण दीडशे फूटच.

प्रश्न : रस्त्याचं नाव बदलताना वाद झाला होता का?

झाला, आणि कोर्टात गेला. डॅनिएल ओ'कॉनेल हे कॅथलिकांना संसदेचं दार उघडून देणारे नेते. १८८२ मध्ये दक्षिण टोकाला त्यांचा पुतळा उभा राहिला आणि पुलाला त्यांचं नाव मिळालं. मग नगरपालिकेने रस्त्यालाही ते द्यायचं ठरवलं. रस्त्यावरचे काही रहिवासी विरोधात गेले आणि त्यांनी न्यायालयातून मनाई आणली. पुढची चाळीस वर्षं पुतळा ओ'कॉनेलचा, पूल ओ'कॉनेलचा आणि रस्ता सॅकव्हिलचा. अधिकृत बदल १९२४ मध्ये झाला. तोवर अर्ध्या गावाने नवं नाव वापरून जुनंही करून टाकलं होतं.

प्रश्न : रस्त्याच्या मधोमध ती उंच पोलादी सुई कशाची? ना पुतळा, ना घड्याळ. पैसे जास्त झाले होते का?

तुमच्यासारखंच डब्लिनकरही विचारत होते. त्या जागी १८०९ पासून नेल्सनचा स्तंभ होता, पुतळ्यासकट १३४ फूट उंच. इंग्रज आरमाराचा सेनापती आयरिश राजधानीच्या मध्यावर, तेही पोस्टाच्या शेजारी! तरी लोकांची त्याच्याशी सवय जुळली होती. ट्राम तिथून सुटायच्या, भेटायचं ठिकाण तेच. बसथांब्यावर एका आजोबांशी ओळख झाली. लहानपणी आईचा हात धरून त्या आतल्या १६८ पायऱ्या ते चढले होते. 'नेल्सन मला कधीच आवडला नाही, पण वरून समुद्र दिसायचा,' म्हणाले.

८ मार्च १९६६ च्या मध्यरात्रीनंतर आयआरए (आयरिश रिपब्लिकन आर्मी) या सशस्त्र संघटनेच्या माजी सैनिकांनी स्तंभाचा वरचा भाग स्फोटाने उडवला. कोणी जखमी झालं नाही. उरलेलं खोड सहा दिवसांनी लष्कराने रीतसर उडवलं. लष्कराच्या स्फोटात काचा जास्त फुटल्या, हे लोक अजून चवीने सांगतात. नेल्सनचं डोकं कलाशाळेच्या विद्यार्थ्यांनी पळवलं होतं. आता ते पिअर्स स्ट्रीटवरच्या शहर ग्रंथालयात शांत बसलं आहे.

मग १९८८ मध्ये तिथे लिफी नदीची मूर्ती असलेलं कारंजं आलं. त्यात टवाळ मंडळी साबण ओतायची आणि सगळीकडे फेस. २००१ मध्ये ते हलवलं. जानेवारी २००३ मध्ये सध्याचा 'स्पायर' पुरा झाला. इयान रिची यांच्या कार्यालयाचं डिझाइन, १२० मीटर उंची, तळाशी ३ मीटर व्यास आणि टोकाला जेमतेम १५ सेंटिमीटर. माझं मत विचाराल तर पहिल्या दिवशी मलाही तो विजेचा खांब वाटला. पण इथे कोणाचाही पुतळा बसवला असता तर पुढच्या पन्नास वर्षांत कोणीतरी तो उडवायला निघालं असतं. सुईवर राग धरणार तरी कसा?

प्रश्न : नूतनीकरणात शंभर वर्षांची झाडं तोडली असं ऐकलं. तुम्ही रस्तेवाले सगळीकडे सारखेच!

टोमणा पोचला. हो, मधल्या दुभाजकावरची प्लेन जातीची मोठी झाडं तोडली आणि लोकांनी जोरदार निषेध केला.

बाजू मांडतो, पटली तर घ्या. १९७०-८० च्या दशकांत या रस्त्याची रया गेली होती. चांगली दुकानं निघून गेली, प्लॅस्टिकच्या भडक पाट्या आणि झटपट खाण्याची दुकानं आली, काही जुन्या इमारती पाडून रुक्ष कार्यालयं उभी राहिली. १९९८ च्या आराखड्याने ठरवलं की गाड्यांच्या मार्गिका कमी करायच्या, दुभाजक अरुंद करायचा आणि ती जागा फुटपाथांना द्यायची, पोस्टासमोर फरसबंद चौक करायचा. पाट्यांवरही निर्बंध आले. काम २००६ मध्ये संपलं. दुभाजक अरुंद झाला की त्यावरची झाडं अडचणीत येतात, हे सरळ गणित आहे. पोस्टासमोर आता छाटून चौकोनी केलेली लिंडनची झाडं आहेत. नीटनेटकी आहेत, पण कवायतीला उभी केल्यासारखी. त्यांच्याखाली मला कधी बसावंसं वाटलं नाही. फुटपाथ रुंद केले ते शंभर टक्के बरोबर. झाडांच्या बाबतीत मी त्या खुर्चीत असतो तर निदान उत्तरेकडच्या अर्ध्या भागासाठी भांडलो असतो.

२०१७ च्या डिसेंबरात ट्राम परत आली. जुन्या ट्राम १९४९ मध्ये बंद केल्या होत्या, रूळही उखडले होते. ते पुन्हा टाकायला पुन्हा खोदाई. याला मात्र आम्ही रस्तेवाले सगळीकडे सारखेच, मान्य.

प्रश्न : एक तास आहे. काय पाहू?

ओ'कॉनेलच्या पुतळ्याखाली चार पंखवाल्या स्त्रिया बसल्या आहेत. त्यांच्या अंगावर गोळ्यांची भोकं शोधा. मग पोस्टात जाऊन घरी एक पत्र टाका. टपालाचं काम तिथे अजून चालतं.