झाकून बाळगायला सडपातळ पिस्तूल कोणतं घ्यावं? (पुणे, नवीन परवाना)

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: चाकणला पत्रे आणि सळयांचा धंदा, आठवड्यातून दोनदा रोकड घेऊन ये-जा, परवाना नुकताच मंजूर झालाय. ह्यूस्टनच्या मेव्हण्याने व्हिडिओ कॉलवर त्याचं सिग पी365 पिस्तूल दाखवल्यापासून तसलंच चपटं, शर्टाखाली न कळणारं काहीतरी हवंय. आणि .32चं रिव्हॉल्व्हर "जाडजूड दिसतं" म्हणून नको. बजेट लिहिलेलं नाही, पण मेव्हणा लिहिलाय, त्यावरून अंदाज आला.

माझी ओळख एवढीच, की रविवार पेठेत आमचं चांदीचं दुकान आहे. वडिलांकडे रिव्हॉल्व्हर होतं, ते गेल्यावर रीतसर माझ्या नावावर झालं. काही वर्षांनी ते देऊन मी .32चं पिस्तूल घेतलं. कोणतं ते मुद्दाम लिहीत नाही. पेठेत माणूस ओळखायला वेळ लागत नाही.

आधी मेव्हण्याला बाजूला ठेवू. पी365, ग्लॉक 43एक्स, शील्ड, हेलकॅट ही तिकडची सगळी लोकप्रिय चपटी पिस्तुलं 9 मिमीची आहेत. आपल्याकडे 9 मिमी हा निषिद्ध बोअर, म्हणजे सामान्य परवान्यावर न मिळणारं माप. तुमच्या परवान्यावर 'एनपीबी' लिहिलेलं असणार, म्हणजे अनिषिद्ध बोअर. त्यात 9 मिमी बसत नाही. मेव्हण्याने भेट म्हणून आणतो म्हटलं तरी उपयोग नाही, कारण परदेशी हत्यारांची आयात सर्वसामान्य परवानाधारकाला 1980च्या दशकापासून जवळपास बंदच आहे. नामांकित नेमबाजांना सवलत असते. तुम्ही-आम्ही त्यात येत नाही. टेक्सासमध्ये 2021पासून परवान्याशिवायसुद्धा पिस्तूल कमरेला लावता येतं. त्या राज्यातला सल्ला चाकणला लागू पडणार नाही, हे मेव्हण्याला प्रेमाने सांगा.

राहिलं .32. इथे नवी माणसं फसतात, म्हणून सांगतो: .32 नावाची दोन वेगळी काडतुसं आहेत. रिव्हॉल्व्हरचं ते .32 स्मिथ अँड वेसन लाँग, आणि पिस्तुलाचं ते .32 एसीपी, ज्याला 7.65 मिमी असंही म्हणतात. एकाचं दुसऱ्यात चालत नाही. दुकानात "बत्तीसची द्या" एवढंच म्हणू नका, हत्याराचं नाव सांगा.

7.65चं हे काडतूस जॉन ब्राउनिंगचं, 1899चं. सव्वाशे वर्षं जुनं. गोळी जेमतेम साडेचार ग्रॅमची, 9 मिमीच्या तुलनेत जोर निम्म्याहून कमी. पण त्यातच तुमच्या प्रश्नाचं उत्तर आहे. काडतूस बारीक, म्हणून पिस्तूल बारीक. वॉल्थर पीपीके 1931 साली बाजारात आलं तेव्हाच ते साधारण एक इंच जाडीचं होतं. मेव्हण्याचं 2018 सालचं पी365 हातात घेतलंत तर जाडी तेवढीच भरेल. फरक पडला तो मॅगझिनमध्ये, म्हणजे मुठीत बसणाऱ्या काडतुसांच्या पेटीत. पीपीकेमध्ये काडतुसं एकावर एक अशी सात बसतात, पी365मध्ये तिरपी रचून दहा. म्हणजे सडपातळपणासाठी अमेरिकेकडे बघायची गरज नाही, तो आपल्या .32मध्ये आजोबांच्या काळापासून आहे.

आता पर्याय. नव्यात सरकारी कारखान्यांचं 'अशनी' हे .32चं पिस्तूल. (अशनी म्हणजे वज्र. नाव ठेवणाऱ्याचं संस्कृत चांगलं असावं.) 2021मध्ये आयुध निर्माणी मंडळ मोडून कंपन्या झाल्या, त्यातली कानपूरची एडब्ल्यूईआयएल आता ही छोटी हत्यारं बनवते. अलीकडे खासगी कारखानेही या धंद्यात उतरलेत, दुकानदाराकडे चौकशी करा. जुन्यात मग वॉल्थर पीपी आणि पीपीके, कोल्ट 1903, ब्राउनिंग 1910, वेब्ली अशी आयात बंद होण्याआधी आलेली पिस्तुलं. ती हातोहात फिरतात आणि देशी पिस्तुलाच्या कितीतरी पट भावाने जातात. कोल्ट 1903 हातात घेतलंत तर मोहात पडाल, इतकं ते गुळगुळीत आणि चपटं आहे. त्याला 'हॅमरलेस' म्हणतात, पण घोडा असतो, आत लपवलेला. कपड्यात अडकायला बाहेर काहीच नाही.

तरी जुनं घेताना दोन गोष्टी बघा. पहिली, मॅगझिन. मूळ मॅगझिन आहे का, आणि किती? एकच असेल आणि त्याचे ओठ, म्हणजे काडतूस धरून ठेवणाऱ्या वरच्या कडा, वाकलेले असतील तर तुम्ही एक महागडा पेपरवेट विकत घेताय. दुसरी, शंभर वर्षांपूर्वीच्या बऱ्याच पिस्तुलांत हत्यार खाली पडलं तर फायरिंग पिनला, म्हणजे काडतुसावर आपटणाऱ्या सुईला, अडवणारी काही सोय नसते. असलं पिस्तूल चेंबरमध्ये, म्हणजे नळीच्या बुडाशी, गोळी ठेवून बाळगायचं नाही म्हणजे नाही. ओळखीच्या आर्मररकडून (हत्यारं दुरुस्त करणाऱ्याकडून) आतून बघून घेतल्याशिवाय पैसे देऊ नका.

आणि घेण्याआधी स्लाइड, म्हणजे पिस्तुलाचा वरचा सरकता भाग, ओढून बघा. याबद्दल कोणी बोलत नाही, म्हणून जरा सविस्तर सांगतो. .32ची बहुतेक छोटी पिस्तुलं ब्लोबॅकवर चालतात. त्यांत नळी आणि स्लाइड एकमेकांत अडकत नाहीत, गोळी सुटेपर्यंत स्लाइडला मागे जाऊ न देण्याचं काम फक्त तिचं वजन आणि स्प्रिंग करतात. म्हणून स्प्रिंग ताठ लागते. गोळी लहान, पिस्तूल लहान, तर ओढायला सोपं असेल असं वाटतं आणि होतं उलटंच. पीपीकेची स्लाइड बोटांना चांगलीच जड जाते, आणि तळवा मांसल असेल तर मागे येताना अंगठ्याजवळ ओरखडाही काढते. दुकानात रिकामं पिस्तूल घेऊन सलग दहा वेळा स्लाइड ओढा. सातव्या वेळेला चेहरा वाकडा होत असेल तर ते पिस्तूल तुमचं नाही. वडील सत्तरीतसुद्धा रिव्हॉल्व्हर का सोडत नव्हते ते मला तेव्हा कळलं: त्याला ओढायला काही नाही, वरून उघडायचं, सहा काडतुसं घालायची, बंद करायचं. 2014मध्ये आलेलं 'निर्भीक' हे टायटॅनियमचं रिव्हॉल्व्हर अर्ध्या किलोचंच आहे, तेव्हा फक्त जाडीवरून रिव्हॉल्व्हरवर फुली मारू नका. तुमचं पोट जर माझ्यासारखं असेल तर चक्राचा फुगवटा त्याच्या सावलीत सहज झाकला जातो.

खरं सांगायचं तर शर्टावर जे उमटतं ते जाडीमुळे फारसं नाहीच. उमटते ती मूठ. नळी पँटच्या आत जाते, ती कितीही लांब असो. मूठ मात्र पट्ट्याच्या वर राहते आणि तिचा खालचा कोपरा मागच्या बाजूला शर्ट ढकलतो. अर्ध्या सेंटिमीटरने जाड पण मूठ आखूड असलेलं पिस्तूल, चपट्या पण लांब मुठीच्या पिस्तुलापेक्षा चांगलं लपतं.

हे मला एका साखरपुड्यात कळलं. घरगुतीच होता, बिबवेवाडीला. दुकानातून थेट गेलो होतो, पिस्तूल उजव्या कमरेला मागे, वरून सैल शर्ट. आरशात चारही बाजूंनी बघून निघालेलो. आत्या खुर्चीत बसली होती, तिला वाकून नमस्कार केला. वाकल्याबरोबर शर्ट पाठीवर ताणला गेला आणि मूठ तंबूच्या खांबासारखी वर आली. आत्याने पाठीवर हात ठेवून आशीर्वाद दिला, तोच हात खाली सरकला आणि थांबला. "अरे, मणक्याचा पट्टा लावलायस का? कधीपासून?" मी हो म्हटलं. पुढचे सहा महिने आत्या मला फोनवर तेल आणि शेकण्याचे उपाय सांगत होती. तेव्हापासून माझी परीक्षा ठरलेली: आरशासमोर उभं राहून काही कळत नाही, वाकून नमस्कार करून बघायचा, तोही घरातल्या कोणाला तरी मागे उभं करून.

गाडीचंही तसंच. आपल्याकडे चालक उजवीकडे बसतो, सीटबेल्टचा खालचा पट्टा उजव्या कमरेवरून जातो आणि पिस्तूल त्याच्याखाली दबतं. नाशिक रस्त्याला मोशी ते चाकण हा तुमचा रोजचा रस्ता, तिथे ट्रॅफिकमध्ये तासभर बसल्यावर मूठ बरगडीत रुतते, आणि मग माणूस ते काढून ग्लोव्ह बॉक्समध्ये टाकतो. तिथेच चूक होते. दुकानात बसूनही बघा, नुसतं उभ्याने बघू नका. दुचाकी असेल तर वारा मागून शर्ट उडवतो, तेव्हा आत बनियन आणि वर बटणं लावलेलं जॅकेट. मे महिन्यात जॅकेट घालून बघा आणि मग ठरवा रोज जमेल का.

आणखी एक, आपल्याकडे झाकणं ही आवड नाही, नियम आहे. 2016च्या शस्त्र नियमांप्रमाणे सार्वजनिक जागी पिस्तूल होल्स्टरमध्ये आणि पूर्ण झाकलेलंच हवं, आणि त्यावर तुमचा ताबा हवा. खिशात सुटं टाकणं, पिशवीत चाव्यांबरोबर ठेवणं यात बसत नाही. म्हणून पिस्तुलाइतकाच विचार होल्स्टरचा करा. मी पहिलं होल्स्टर एका कारागिराकडून चामड्याचं शिवून घेतलं. दिसायला देखणं, पण चाप अर्धा उघडा राहत होता. आत घालताना शर्टाचं टोक चापाशी गेलं तेव्हा माझ्या तळहाताला घाम फुटला. नशिबाने चेंबर रिकामं होतं. ते तसंच परत नेलं, चाप आणि त्याचं कडं पूर्ण झाकेल असं दुसरं करून घेतलं. पट्टाही दुपदरी चामड्याचा घ्या. साधा पट्टा पाऊण किलोच्या ओझ्याने एका बाजूला लोंबतो, आणि तुम्ही दिवसभर पँट वर ओढत बसता. सारखी पँट वर ओढणारा माणूस सगळ्यांना दिसतो.

घामाचंही बघा. जुनी निळसर स्टीलची पिस्तुलं पुण्याच्या पावसाळ्यात आठवड्यात तांबूस ठिपके दाखवतात. रात्री घरी आल्यावर फडक्याने पुसून तेलाचं बोट फिरवायचं. होल्स्टरमध्येच ठेवून झोपायचं नाही, चामडं ओल धरतं.

.32 एसीपीची एक खोड: काडतुसाची बुडाची कड किंचित बाहेर असते. मॅगझिन भरताना वरच्याची कड खालच्याच्या मागे गेली तर दोन्ही एकमेकांत अडकतात आणि पिस्तूल नेमकं हवं तेव्हा थांबतं. भरताना प्रत्येक कड आधीच्याच्या पुढे बसलीय ना ते अंगठ्याने बघा. घाईत भरू नका.

सरावाला काडतुसं मोजून मिळतात. वर्षाला किती ते परवान्यावरच असतं, तेव्हा अमेरिकन माणूस शनिवारी जेवढ्या गोळ्या उडवतो तेवढ्यात आपलं वर्ष जातं. म्हणून हाताला बसणारं पिस्तूल पहिल्यांदाच निवडा, सवय लावून घेण्याइतकी काडतुसं आपल्याकडे नाहीत. रेंजवर प्रशिक्षकाच्या देखरेखीखाली नेम आणि चाप शिका. एअर पिस्तुलावर चापाची शिस्त स्वस्तात शिकता येते, मी तेच केलं.

रोज बाळगणार असाल तर दिवसाचा रस्ता लिहून काढा. जत्रा, धार्मिक मिरवणूक, सभा, शाळा-कॉलेजचं आवार इथे न्यायचं नाही, ही परवान्याचीच अट आहे. म्हणजे पालखी पुण्यात असेल तेव्हा किंवा विसर्जनाला ते घरातल्या तिजोरीत. मॉलच्या दाराशी मेटल डिटेक्टर असतो, तिथे काढून ठेवायला जागा नसते. निवडणुका लागल्या की पोलीस ठाण्यात जमा करायला बोलावणं येतं. दारू पिण्याचा बेत असेल त्या दिवशी तर नाहीच. हे सगळं वजा केलं तर माझ्या हिशेबाने ते माझ्या कमरेला आठवड्यातून फार तर दोन दिवस असतं, दुकानाचा भरणा असेल तेव्हा. तुमचंही तसंच होईल, मग दोन दिवसांसाठी जुन्या परदेशी पिस्तुलाला लाखो रुपये घालायचे का, ते तुम्ही ठरवा. मी तुमच्या जागी असतो तर देशी नवं .32 घेतलं असतं आणि उरलेल्या पैशांत चांगलं होल्स्टर, भिंतीत बसवायची छोटी तिजोरी आणि रेंजचं वर्षभराचं शुल्क.

चाप ओढण्याचा हक्क कुठे सुरू होतो आणि कुठे संपतो ते भारतीय न्याय संहितेच्या कलम 34 ते 44मध्ये आहे. अकरा कलमं आहेत, एका संध्याकाळी वाचून होतात. वकिलासोबत वाचा. रोकड हिसकावून पळणाऱ्याच्या पाठीत गोळी घालणं त्यात बसतं का, हा प्रश्न त्याला पहिला विचारा.

चाकण पिंपरी-चिंचवड आयुक्तालयात येतं, पुणे शहरात नाही. पिस्तूल घेतल्यावर त्याची नोंद परवान्यावर करून घ्यायला ज्या कार्यालयाने परवाना दिला तिथेच जायचं. खरेदीची मुदत परवान्यावर बघून ठेवा.

तुम्ही डावखुरे आहात का, ते लिहिलेलं नाही. असाल तर सांगा, सीटबेल्ट आणि होल्स्टरबद्दल मी लिहिलेलं बरंचसं उलटं होईल, आणि जुन्या पिस्तुलांचा सेफ्टीचा खटका तुमच्या अंगठ्याला सापडणारच नाही.