एक्सप्रेसमधील राउट सुटसुटीत ठेवताना

एक्सप्रेस म्हणजे नोड.जेएसवर वेब सर्व्हर लिहिण्याची चौकट (फ्रेमवर्क), आणि राउट म्हणजे कोणत्या पत्त्यावर विनंती आली की कोणता कोड चालवायचा हे सांगणारी ओळ. समजा, तुमचे सगळे राउट एकाच फाइलमध्ये आहेत. सुरुवातीला बहुतेकांचे तसेच असते, त्यामुळे खचून जाऊ नका. आधी एकच बदल करा: वापरकर्ते, ऑर्डर अशा प्रत्येक विषयासाठी स्वतंत्र फाइलमध्ये राउटर (त्या विषयाच्या राउटचा गट) लिहा आणि मुख्य फाइलमध्ये तो ‘/यूजर्स’सारख्या उपसर्गाशी एकदाच जोडा, म्हणजे तो उपसर्ग प्रत्येक ओळीत पुन्हा लिहावा लागणार नाही. लॉगिनची तपासणीही त्या राउटरच्या आरंभी एकदाच लावावी.

नवशिक्यांची सर्वांत मोठी चूक क्रमाची असते. एक्सप्रेस राउट लिहिलेल्या क्रमानेच तपासतो. त्यामुळे ‘/यूजर्स/:आयडी’ (‘:आयडी’च्या जागी कोणताही मजकूर चालतो) हा राउट ‘/यूजर्स/न्यू’च्या आधी आला, तर ‘न्यू’ हाच आयडी समजला जातो आणि नोंदणीचा फॉर्म उघडतच नाही. या एका चुकीत माझी अख्खी संध्याकाळ गेली होती, म्हणून आवर्जून सांगतो: ठरावीक पत्ते वर, बदलते खाली.

डेटाबेसचे काम राउटच्या ओळीतच कोंबू नका. त्यासाठी नाव असलेले वेगळे फंक्शन लिहा. एक्सप्रेसची आवृत्ती ४ वापरत असाल, तर असिंक (डेटाबेससारख्या कामाची वाट पाहणाऱ्या) फंक्शनमधील चूक स्वतः ‘नेक्स्ट’कडे (चूक हाताळणाऱ्या कोडपर्यंत ती पोहोचवणाऱ्या फंक्शनकडे) सोपवावी लागते, आवृत्ती ५ मध्ये ती आपोआप पोहोचते. रेग्युलर एक्स्प्रेशनचे (मजकुराच्या नमुन्यावरून जुळणारे) पत्ते आणि फोल्डर वाचून राउट तयार करणारी पॅकेजेस सध्या बाजूला ठेवा.