शैलीचित्र, आदर्श, ग्राम्य: एका मथळ्याची दुरुस्ती

प्रश्न असा आहे: एकोणिसाव्या शतकातल्या इंग्लिश चित्रांवरच्या एका अनुवादित लेखाला 'शैलीचित्रांतील आदर्श ग्राम्य बालपण' असा मथळा दिला आहे, तो चालेल का? चारपैकी 'बालपण' तेवढे चालेल.

'शैलीचित्र' हे 'जॉनर पेंटिंग'चे शब्दकोशात बघून केलेले भाषांतर दिसते. मूळ फ्रेंच शब्दाचा अर्थ 'प्रकार', 'जात'. फ्रान्सच्या चित्रकला अकादमीच्या उतरंडीत पुराण-इतिहासातले प्रसंग सर्वांत वर होते. बाकीच्या खालच्या प्रकारांना मिळून हा शब्द वापरत, आणि पुढे तो आकसून रोजच्या जगण्यावरच्या चित्रांपुरता उरला. त्याला हिणकसपणाचा वास होताच. 1769 साली अकादमीने ग्रझ या फ्रेंच चित्रकाराला इतिहासचित्रकार म्हणून नव्हे, 'जॉनर'चा चित्रकार म्हणून घेतले, तेव्हा हा अपमान मानून तो तिथल्या प्रदर्शनांपासून दूरच राहिला. इथे शैलीचा संबंधच नाही. बारीक घोटून रंगवलेले असो की मोकळ्या फटकाऱ्यांचे, विषय रोजचा आणि माणसे बिननावाची असली की ते चित्र या प्रकारात बसते.

मराठीत व्यक्तिचित्र, निसर्गचित्र, स्थिरचित्र ही नावे विषयावरून पडली आहेत. त्याच चालीवर 'जनजीवनचित्र' करावे. 'प्रसंगचित्र' नको, कारण इतिहासचित्रातही प्रसंगच असतो. 'लोकचित्र' तर मुळीच नको. वाचकाच्या डोळ्यांपुढे थेट वारली येईल.

'ग्राम्य' ही सर्वांत मोठी चूक. संस्कृतात अर्थ काहीही असो, आजच्या मराठीत ग्राम्य म्हणजे असभ्य. 'ग्राम्य विनोद' आठवा. 'खेडवळ'मध्येही हेटाळणी आहे. विशेषण हवे तर 'ग्रामीण', नाहीतर सरळ 'खेड्यातले', 'गावाकडचे'.

इंग्लिश चित्रकार विल्यम कॉलिन्सच्या 1832 च्या 'रस्टिक सिव्हिलिटी' या चित्राचे नाव मराठीत आणताना हाच घोळ होईल. गावाबाहेरच्या रस्त्यावर एक मुलगा फाटक उघडून धरतो आहे आणि हात कपाळावरच्या केसांना लावून सलाम करतो आहे. कुणाला? समोर माणूस दिसत नाही. खाली जमिनीवर घोडेस्वाराची सावली तेवढी पडली आहे. म्हणजे घोड्यावर बसले आहोत आपण, चित्र बघणारे! 'ग्राम्य सभ्यता' म्हटले तर अर्थ उलटा होतो, आणि नुसत्या 'सभ्यते'त वरच्यापुढे लवणे येत नाही. 'गावाकडची अदब' नेमके बसते.

आता 'आदर्श'. संस्कृतात आदर्श म्हणजे आरसा, जो आहे तसे दाखवतो. ही चित्रे नेमके तेच करत नाहीत. मराठीत आदर्श म्हणजे कित्ता गिरवावा असे: आदर्श शिक्षक, आदर्श गाव. मूळ इंग्रजी 'आयडियलाइज्ड' या विशेषणात 'असे असावे' नाही, 'होते त्याहून गोड करून दाखवलेले' आहे. त्या काळच्या इंग्लंडमध्ये गरिबांची मुले शेतावर राबत. पूर्वेकडच्या परगण्यांत मुकादम बायकामुलांच्या टोळ्या तण काढायला, दगड वेचायला नेत. आठ वर्षांखालच्या मुलांना अशा टोळीत घ्यायचे नाही, हा कायदा 1867 चा. चित्रांतली मुले मात्र फाटकावर झोके घेतात. 'आदर्शीकृत' अर्थाने बरोबर आहे, पण सरकारी परिपत्रकासारखे वाटते. 'आदर्शवादी' चूकच, कारण बालपणाला वाद नसतो. लेखाच्या आत 'गोड करून रंगवलेले' लिहावे, मथळ्यात 'रम्य' पुरे. 'रम्य'ने खोटेपणा थोडा झाकला जातो, म्हणून पहिल्याच परिच्छेदात तो उघड करावा.

तर मथळा: 'जनजीवनचित्रांतले रम्य ग्रामीण बालपण'. पहिल्या उल्लेखात 'जनजीवनचित्र, म्हणजे जॉनर पेंटिंग' असे एकदा लिहावे, पुढे नुसते मराठी. आणि 'जनजीवन चित्र' असे तोडू नये. सामासिक शब्द आहे, जोडूनच लिहायचा.