वाचकांचे प्रश्न : परमुलखात घडलेले हात

प्रश्न : मी परभणी जिल्ह्यातील एका शाळेत चित्रकला शिकवते. माझ्या मुलीने छत्रपती संभाजीनगर येथे चित्रकलेची पदवी घेतली असून मुद्राचित्रणाच्या (ठशांवरून कागदावर चित्रे छापण्याच्या कलेच्या) पुढील शिक्षणासाठी तिला युरोपात प्रवेश मिळाला आहे. तिच्या आजोबांचे म्हणणे असे की, तिकडे राहिलेला चित्रकार ना तिकडचा होतो ना इकडचा राहतो. परदेशात राहून काम केलेल्या आपल्या काळातील कलाकारांच्या बाबतीत नेमके काय घडले?

उत्तर : आजोबांची भीती निराधार नाही आणि मुलीने ती हसण्यावारी नेऊ नये. मात्र तुमच्या प्रश्नाचे उत्तर ‘नाळ तुटते की टिकते’ एवढ्यात संपत नाही. ज्यांचे काम आज जगभर पाहिले जाते अशा कलाकारांकडे पाहिले, तर परक्या ठिकाणी त्यांचा हात वेगळ्या शिस्तीने घडला आणि त्या शिस्तीतून, घरी असताना नजरेसमोर असूनही न दिसलेली एखादी वस्तू त्यांना दिसू लागली, असे आढळते. ही दुसरी गोष्ट आपोआप घडत नाही. तिला वर्षे लागतात, कधी अर्धे आयुष्य लागते.

सय्यद हैदर रझा यांचे उदाहरण तुम्हा शिक्षकांना जवळचे वाटेल. मध्य प्रदेशातील बाबरिया या खेड्यात १९२२ साली जन्मलेल्या या मुलाचे मन वर्गात स्थिर राहत नसे, तेव्हा शाळेतील गुरुजींनी भिंतीवर एक टिंब काढून त्याला त्यावर नजर ठेवून बसण्यास सांगितले, ही आठवण रझांनी पुढे अनेकदा सांगितली. १९४८ मध्ये काश्मीरमध्ये त्यांची गाठ छायाचित्रकार आँरी कार्तिए-ब्रेसाँ यांच्याशी पडली. तुमच्या चित्रांत रचनेचा भक्कमपणा कमी आहे, तो फ्रेंच चित्रकार सेझानकडून शिका, असे त्यांनी रझांना सुचविले. रझा १९५० मध्ये पॅरिसला गेले, तेथील कलाशाळेत शिकले आणि १९५६ मध्ये फ्रान्समधील समीक्षकांचा मानाचा पुरस्कार मिळविणारे पहिले परदेशी चित्रकार ठरले. प्रतिष्ठा मिळाली, घर झाले, फ्रेंच चित्रकार जानीन मोंजिला यांच्याशी विवाहही झाला. तरीही आपल्या चित्रात आपले असे काय आहे, हा प्रश्न त्यांना छळत राहिला. सत्तरच्या दशकात ते पुनःपुन्हा भारतात आले आणि त्या प्रवासांत आपल्याच अजिंठा-वेरूळची लेणी त्यांनी पाहिली. त्यानंतर, १९८० च्या आसपास, शाळेच्या भिंतीवरचे ते टिंब ‘बिंदू’ म्हणून त्यांच्या चित्राच्या मध्यावर आले आणि शेवटपर्यंत तेथेच राहिले. गुरुजींच्या टिंबापासून या बिंदूपर्यंत जवळपास पन्नास वर्षे गेली. मला महत्त्वाचे वाटते ते असे की, मधली तीस वर्षे पॅरिसमध्ये रंग आणि रचना यांची जी मेहनत झाली, तिच्यावाचून तो बिंदू कॅनव्हासवर उभाच राहिला नसता. तो एक शुभचिन्ह बनून राहिला असता. २०१० च्या अखेरीस रझा कायमचे दिल्लीला परतले. तेव्हा त्यांचे वय ८८ होते. आजोबांना जे म्हणायचे आहे ते या आकड्यात आहे आणि ते मी नाकारणार नाही.

तुमची मुलगी मुद्राचित्रण शिकणार आहे, म्हणून झरीना हाश्मी यांच्याविषयी अधिक सविस्तर लिहितो. त्या केवळ ‘झरीना’ या नावाने काम करीत. अलिगढमध्ये १९३७ साली जन्म, तेथेच गणिताची पदवी, मग परराष्ट्र सेवेतील पतीबरोबर गावोगाव मुक्काम. लाकडी ठशाच्या छपाईची ओळख त्यांना बँकॉकमध्ये झाली, पॅरिसमध्ये त्यांनी स्टॅन्ली हेटर यांच्या कार्यशाळेत धातूच्या पत्र्यावरील कोरीवकाम आत्मसात केले, १९७४ मध्ये टोकियोत जपानी ठसाछपाईचा अभ्यास केला आणि त्यानंतर न्यूयॉर्क हे त्यांचे कामाचे गाव झाले. दरम्यान आईवडील कराचीला स्थलांतरित झाले होते, त्यामुळे परत जावे असे घर अलिगढमध्ये उरले नव्हते. १९९९ साली त्यांनी छत्तीस ठशांची एक मालिका केली. तिच्या नावाचा अर्थ ‘घर हा परका मुलूख आहे’ असा होतो. प्रत्येक ठशावर काळ्या रेषांची एक काटेकोर आकृती आहे आणि सोबत एकेक उर्दू शब्द आहे : घर, उंबरठा, दरवाजा, अंतर, सरहद्द, भाषा. त्यांत घराचे चित्र म्हणावे असे काही नाही. चार रेषांत उंबरठा येतो आणि पाहणाऱ्याला आपलाच उंबरठा आठवतो.

मराठवाड्यातील वाचकाला हे काम दूरचे वाटू नये. निजामाच्या राज्यात, म्हणजे सप्टेंबर १९४८ पर्यंत, आपल्याकडील एका पिढीचे शिक्षण उर्दूतून झाले. तुमच्या घरातील आजोबा त्या पिढीतील असोत वा त्यानंतरच्या, यांतील ‘दरवाजा’ आणि ‘सरहद्द’ हे शब्द त्यांना मराठीच वाटतील. मालिकेची छायाचित्रे त्यांना एकदा जरूर दाखवा.

झरीना यांच्या कामात कागद हा केवळ आधार नव्हता. कागदाच्या लगद्यापासून त्यांनी शिल्पे ओतली आणि न्यूयॉर्कमध्ये हातकागद करायलाही शिकविले. आपल्याकडे दौलताबादहून खुलताबादकडे जाताना कागजीपुरा लागतो. मुहम्मद तुघलकाने १३२७ मध्ये राजधानी दौलताबादला आणली, त्या काळापासून तेथे कागद होत असल्याचे सांगितले जाते. लगदा कालवलेल्या पाण्याच्या हौदात जाळीची चौकट बुडवायची, ती आडवी धरून अलगद वर उचलायची, पाणी निथळले की चौकटीवर ओल्या सायीसारखा थर राहतो. तो थर एकसारखा येण्यासाठी मनगटाने दोन्ही दिशांना जो हलका हेलकावा द्यावा लागतो, तो पाहिल्याशिवाय शब्दांनी कळत नाही. वेरूळला सहलीला जाणारे आपण या गावावरून गाडी न थांबविता पुढे जातो. तुमच्या मुलीने निघण्यापूर्वी तेथे एक दिवस घालवावा, असे मी आग्रहाने सुचवितो. परदेशातील कार्यशाळेत कागद निवडताना तिच्या बोटांना तुलना करायला काहीतरी असेल.

एक सावधगिरीही सांगतो. परदेशात गेलेल्या तरुण चित्रकारावर आपली ओळख लवकर दाखविण्याचा दबाव येतो, मग वारलीच्या आकृत्या, पैठणीचा मोर, कोयरी असा ठेवणीतला ऐवज चित्रात मांडला जातो. तो विकलाही जातो. पण त्यात तेथे राहिल्याचे काही उमटत नाही आणि येथून गेल्याचेही नाही. अनिश कपूर यांच्या कामाकडे या दृष्टीने पाहावे. मुंबईत १९५४ मध्ये जन्मलेले कपूर १९७३ पासून इंग्लंडमध्ये आहेत. १९७९ मध्ये ते भारतात येऊन गेले आणि त्यानंतर कोरड्या रंगाच्या भुकटीने झाकलेल्या लाल, पिवळ्या, निळ्या आकारांची त्यांची शिल्पे आली. तुळजापूरला मंदिराकडे जाताना दुकानांतून हळदी-कुंकवाचे टोकदार ढीग रचलेले असतात, त्यांच्या कडेला भुकटी सांडलेली असते. कपूरांच्या शिल्पांभोवतीही जमिनीवर तशीच भुकटीची कड असते, आकार जणू जमिनीतून वर आला आहे. त्यांनी देवीचे चित्र काढले नाही, त्यांनी त्या ढिगाचा स्वभाव ओळखला. हे मला अस्सल वाटते.

तुमच्या मुलीने तेथील भाषा शिकावी, केवळ भारतीय मुलांच्या घोळक्यात राहू नये आणि घराची जी आठवण येईल ती भावनेत न मांडता तपशिलात टिपून ठेवावी : ओसरीच्या फरशीचा रंग, दाराच्या कडीचा आकार. आपल्या भागातील ऊसतोडीची कुटुंबे दरवर्षी दसऱ्यानंतर मुलूख सोडतात आणि कोपीवर, म्हणजे फडाजवळच्या झोपडीत, राहूनही गावच्या शेतातील बांधन्‌बांध सांगू शकतात. तशी नेमकी आठवण चित्रकाराच्या उपयोगाची असते.

प्रश्न : याच्या उलट, परदेशी कलाकार आपल्याकडे राहून बदलला, अशी उदाहरणे आहेत का? (एक वाचक, जालना)

उत्तर : आहेत. आजच्यांपैकी भारती खेर यांचे नाव प्रथम घेतो. त्यांचा जन्म १९६९ मध्ये लंडनचा, शिक्षण इंग्लंडमध्ये, पण नव्वदच्या दशकाच्या आरंभी त्या दिल्लीत आल्या आणि तेथेच राहिल्या. बाजारात पाकिटावर मिळणारी टिकली त्यांनी रंगासारखी वापरायला घेतली. २००६ मधील त्यांच्या एका शिल्पात जमिनीवर बसकण मारलेल्या प्रचंड हत्तिणीचे अंग असंख्य टिकल्यांनी झाकलेले आहे. रोज कपाळावर टिकली लावणाऱ्या घरात ही वस्तू ‘माध्यम’ म्हणून दिसणे अवघड होते. बाहेरून आलेल्या नजरेला ती दिसली.

जुने उदाहरण आपल्याच जिल्ह्याशेजारचे आहे. जपानी चित्रकार अराई काम्पो हे रवींद्रनाथ ठाकूर यांच्या निमंत्रणावरून १९१६ मध्ये भारतात आले आणि अजिंठ्यात राहून त्यांनी तेथील भित्तिचित्रांच्या नकला केल्या. दुसऱ्याची रेषा आपल्या कुंचल्याने गिरवीत महिनोन्‌महिने राहणे ही मोठीच शिकवण असते. जपानमधील होर्यूजी मंदिराच्या भित्तिचित्रांचे अजिंठ्याशी नाते अभ्यासक सांगतात. १९४० मध्ये त्या चित्रांच्या नकला करण्याचे काम सुरू झाले तेव्हा त्यात काम्पो होते. १९४५ मध्ये ते वारले. चार वर्षांनी, जानेवारी १९४९ मध्ये, होर्यूजीच्या त्या दालनाला आग लागून मूळ चित्रे करपली, तेव्हा त्यांच्या रंगांची आणि रेषांची साक्ष देण्यासाठी त्या नकला हाताशी होत्या.