‘ॲग्री’ आणि ‘कन्सेंट’ यांत नेमका फरक काय?

‘ॲग्री’ आणि ‘कन्सेंट’ या दोन्हींचा अर्थ ‘होकार’च आहे, मग कायद्याच्या कागदांत ‘कन्सेंट’च का लिहितात, असा आपला प्रश्न आहे. वापराचे थोडक्यात सांगते. मत जुळले की ‘ॲग्री विथ’, प्रस्ताव मान्य केला की ‘ॲग्री टू’, आणि दोघांनी मिळून काही ठरवले की ‘ॲग्री ऑन’. ‘कन्सेंट’पुढे मात्र ‘टू’च येते, आणि त्यात आपल्या हक्काच्या गोष्टीला दुसऱ्याला परवानगी देण्याची छटा असते.

माझ्या दृष्टीने खरा फरक त्यापलीकडे आहे. लॅटिनमध्ये ‘कन्सेंट’चे मूळ ‘एकसारखे वाटणे’ असे आहे, आणि भारतीय करार कायदा, १८७२ चे कलम १३ तेच सांगते: दोन किंवा अधिक व्यक्ती एकाच गोष्टीला एकाच अर्थाने कबूल होतात, तेव्हाच ती संमती. ‘एकाच अर्थाने’ हे शब्द मी कधीही विसरणार नाही.

आजोबा वारल्यावर त्यांच्या जमिनीत हिंदू उत्तराधिकार कायदा, १९५६ प्रमाणे माझ्या आत्याचा मुलांइतकाच वाटा होता. थोरल्या काकांनी तिला माहेरी बोलावले, वारसनोंदीसाठी सह्या हव्यात असे सांगून दुय्यम निबंधकांच्या कार्यालयात नेले आणि ज्या कागदावर तिची सही व अंगठा घेतला, ते हक्कसोडपत्र होते. मी तेव्हा वकिलीच्या पहिल्या वर्षाला होते. घरी मी विचारले, तेव्हा काका म्हणाले, “तिची कन्सेंट आहे. ती एक अक्षर तरी बोलली का? मौन म्हणजे संमती.” आत्या ओट्यावर भाजी निवडत होती आणि तिने मान वर केली नाही. तिच्या वाट्यातला निम्मा भाग माझ्या वडिलांकडे आला, म्हणून या विषयावर बोलण्याचा मला अधिकार नाही, असे काका आजही म्हणतात.

मला तो अधिकार आहे, असे माझे स्पष्ट मत आहे. आत्या वारसनोंदीला ‘हो’ म्हणाली आणि काकांनी हक्क सोडल्याचा ‘हो’ लिहून घेतला. एकच अर्थ दोघांच्या मनात नव्हताच, मग ‘कन्सेंट’ आली कुठून? करार कायद्याच्याच कलम १४ प्रमाणे दबाव, अवाजवी प्रभाव, फसवणूक किंवा दिशाभूल यांतून आलेली संमती मुक्त संमती नसते. मौनाविषयी म्हणाल, तर इंग्लंडमधल्या १८६२ च्या फेल्टहाउस विरुद्ध बिंडली या खटल्यातही एक काकाच होते: तुझ्याकडून काही कळले नाही, तर घोडा ३० पौंड १५ शिलिंगला माझा झाला असे मी समजेन, असे त्यांनी पुतण्याला लिहिले होते. पुतण्याने उत्तर दिले नाही आणि न्यायालयाने करार झालाच नाही असे ठरवले. घोड्याच्या मालकाचे मौन होकार ठरत नसेल, तर भावांपुढे मान खाली घालून बसलेल्या बहिणीचे मौन तरी होकार का ठरावे?

म्हणून कोणी आपल्याकडे ‘फक्त कन्सेंट’ मागितली, तर आधी कागदाचे शीर्षक वाचा, तो घरी नेऊन विश्वासातल्या माणसाकडून समजून घ्या, आणि ‘घरचाच मामला आहे’ असे म्हणणाऱ्याला तर अधिक प्रश्न विचारा.

एक गोष्ट मात्र सांगायला हवी. समजून-उमजून भावांना हक्क सोडून देणाऱ्या बहिणीही पुष्कळ असतात, आणि त्यांची संमती पूर्णपणे खरी असते. शिवाय नोंदणी झालेला दस्त फसवणुकीचा आहे हे सिद्ध करण्याची जबाबदारी तसा आरोप करणाऱ्यावर असते, आणि तो रद्द करून घेण्याचा दावा फसवणूक कळल्यापासून तीन वर्षांच्या आत करावा लागतो. आत्याने तो केला नाही. काका त्यालाही तिची संमतीच म्हणतात, आणि मी ते मान्य करत नाही.