शिंपल्यांचा चुरा देऊनही कोंबडीच्या अंड्यांची कवचं पातळ का?

उन्हाळा, वय, आजार ही कारणं असू शकतात. पण चुरा भरपूर असेल तर आधी ड३ जीवनसत्त्वाकडे बघा. ते कमी पडलं की आतड्यातून चुऱ्यातलं कॅल्शियम नीट शोषलंच जात नाही. एका कवचाला साधारण २ ग्रॅम कॅल्शियम लागतं, ते कोंबडी मग स्वतःच्या हाडांतून काढते. रक्तातलं कॅल्शियमचं प्रमाण काही काळ ठीक दिसतं, हाडं मात्र ठिसूळ होत जातात. म्हणून नुसत्या रक्ततपासणीवर विसंबू नका. पाय लुळे पडलेली कोंबडी बघवत नाही हो! पक्ष्यांना ड२ (ड जीवनसत्त्वाचाच दुसरा प्रकार) फारसं उपयोगी नाही, ड३च हवं. शेडमध्ये ऊन येत नसेल तर ते खाद्यातूनच द्यावं लागतं, पण पशुवैद्यकांना विचारूनच. अती झालं तर कॅल्शियम मूत्रपिंडात साचतं.