'मिठी' या शब्दाचे नेमके अर्थ काय आणि तो कुठे कसा वापरतात?

तुम्ही विचारलंय की मिठी मारणे, मिठीत घेणे, कवटाळणे हे सगळं एकच का, आणि "आजीने नातवाला मिठी मारली" हे तुमच्या गोष्टीतलं वाक्य बरोबर आहे का. व्याकरणात काही चूक नाही, पण कानाला खटकतं. का खटकतं ते जरा सविस्तर सांगतो, कारण हा शब्द माझ्या फार आवडीचा आहे.

मिठीचा रंग तिच्याबरोबर कुठलं क्रियापद येतं त्यावर ठरतो. मारणे आलं की त्यात एकदमपणा आला, धावत येणं आलं. बाप दारात दिसला की पोर सुसाट येऊन त्याच्या पायांना मिठी मारतं, बऱ्याच वर्षांनी भेटलेले मित्र भर रस्त्यात एकमेकांना मिठी मारतात. मिठीत घेणारा मात्र शांत असतो आणि बहुतेक वेळा मोठा असतो, वयाने नाहीतर धीराने, आणि ज्याला घेतलं तो मिठीत शिरतो. मिठी घालणे हे थोडं जुन्या वळणाचं, त्यात आपले हात कशाच्या तरी भोवती जातात, गळ्याला मिठी घातली, पायांना मिठी घातली. पंढरपूरला विठ्ठलाच्या देवळात चांदीने मढवलेला गरुडखांब आहे, दर्शनाआधी वारकरी त्याला मिठी घालतात. डोळे मिटून, गाल त्या चांदीला टेकवून उभी असलेली म्हातारी माणसं बघितली की मिठी घालणे म्हणजे काय ते लगेच कळतं. त्याला पुस्तकी मराठीत आलिंगन म्हणाल, पण बोलताना आलिंगन कोणी म्हणत नाही. ज्ञानेश्वरीच्या अठराव्या अध्यायात कृष्ण अर्जुनाला कंकण घातलेला उजवा हात पसरून आलिंगन देतो, तिथे तो शब्द शोभतो, चहाच्या टपरीवर नाही. ज्ञानेश्वरांच्या काळच्या मराठीत यालाच खेंव असा एक सुंदर शब्द होता, क्षेम वरून आलेला. तो गेला याचं मला खरंच वाईट वाटतं.

आता घरातलं बघा. आमच्या घरात मिठी हा शब्द मी लहानपणी क्वचितच ऐकला. आई म्हणायची "ये, जवळ ये", मी पडलो की आजी "जवळ घे गं त्याला" म्हणायची, आणि जवळ घेणे म्हणजे नेमकं तेच, कुशीत घेऊन पाठीवरून हात फिरवणं. पोटाशी धरलं, उराशी धरलं, पोर आईला बिलगलं, हे सगळे घरातले शब्द. बिलगणारा नेहमी लहान असतो किंवा घाबरलेला असतो, मोठं माणूस लहानाला बिलगलं असं आपण सहसा म्हणत नाही. आजोबा गेले तेव्हा आत्या गावाहून आली, चपला पायात तशाच, पिशवी खांद्यावर तशीच, आणि आई न् ती एकमेकींच्या गळ्यात पडून रडल्या. त्या प्रसंगाला कोणी मिठी मारली म्हटलं तर मला ऐकवणार नाही. तिथे गळ्यात पडणे हाच शब्द. आणि बघा, हाच शब्द दुसरीकडे किती वेगळा होतो, नको असलेलं काम आलं की आपण म्हणतो "ते माझ्या गळ्यात पडलं".

कवटाळणे मध्ये सोडायचं नसणं आहे. फोटो छातीशी कवटाळून बसली, पोटच्या पोराला कवटाळून पुरातून बाहेर आली. माणूस आपणहून मरणाकडे गेला की मृत्यूला कवटाळलं म्हणतात. कव म्हणजे दोन्ही हात पसरून जेवढं मावेल तेवढं, म्हणून वडाचं जुनं खोड कवेत मावत नाही असं म्हणायचं.

सगळ्या मिठ्या प्रेमाच्या नसतात हेही लक्षात ठेवा. सावकारी कर्जाची मगरमिठी असते, म्हणजे सुटायला जावं तेवढी आवळणारी. साप, व्यसन, प्रदूषण यांचा मात्र विळखा, मिठी नाही. महाभारतात युद्ध संपल्यावर धृतराष्ट्र भीमाला भेटायला बोलावतो, कृष्ण भीमाऐवजी लोखंडाचा पुतळा पुढे करतो आणि तो पुतळा धृतराष्ट्राच्या हातात चुरडतो, त्यावरून राजकारणावरच्या लेखांत धृतराष्ट्राची मिठी हा शब्द येतो. आणि १० नोव्हेंबर १६५९ ला प्रतापगडाच्या पायथ्याशी अफझलखानाने शिवाजी महाराजांना मारलेली मिठी तर प्रत्येक मराठी मुलाला शाळेपासून माहीत असते.

एक अर्थ परक्या माणसाला अजिबात लागणार नाही. बासुंदी फार गोड झाली की "तोंडाला मिठी बसते". इथे मिठी मारणारं कोणीच नाही, ती आपोआप बसते, जीभ टाळ्याला चिकटल्यासारखी होते आणि पुढचा घास नकोसा वाटतो. मुंबईच्या मिठी नदीशी मात्र यातल्या कशाचाच गोंधळ करू नका. विहार आणि पवई तलावांच्या ओसंडणाऱ्या पाण्यातून सुरू होऊन माहीमच्या खाडीला मिळणारी ती नदी, तिचं नाव आलिंगनावरून आलेलं नाही.

हल्लीची मुलं हग म्हणतात. मराठीत तो उच्चार भलत्याच क्रियापदाचा असल्यामुळे घरात मोठ्यांसमोर जरा अडचण होते, त्यापेक्षा मिठी कितीतरी चांगला शब्द आहे, तो वापरा.

तुमच्या वाक्याचं म्हणाल तर नातू धावत आला असेल तर "नातवाने आजीला मिठी मारली" असं उलटं करा, आणि आजीच्या वाट्याला "आजीने त्याला जवळ घेतलं" एवढंच ठेवा.